चार कोपऱ्यांवरची अभ्यासिका

वापरलेला कंटेनर विकत घ्यायचा तर मी आधी आत शिरते आणि मामांना बाहेरून दारं लावायला सांगते. मामा म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचे फोरमन. वेल्डिंगमध्ये त्यांची हयात गेली आणि लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. दारं लागली की आत मिट्ट काळोख होतो. डोळे सरावले की छताकडे बघायचं. गंजाने पत्रा जिथे खाल्ला असेल तिथे टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो, तिथे खडूने गोल काढायचा. उरणजवळच्या यार्डात बघितलेल्या एका डब्याचं छत अशा गोलांनी भरून गेलं, तो आम्ही तिथेच सोडला. जे दोन घेतले ते आतून पूर्ण काळे होते. दोन्ही चाळीस फुटी आणि हाय क्यूब, म्हणजे बाहेरून साडेनऊ फूट उंच. नेहमीचा डबा साडेआठ फुटांचा असतो. खाली तक्तपोशी आणि वर अस्तर लागलं की त्यात पंख्याखाली उभं राहायची पंचाईत होते.

दारावरची पाटी मी नेहमी सावकाश वाचते. बांधणीचं वर्ष, मालासकट कमाल वजन 30,480 किलो, रचल्यावर डोक्यावर पेलायचं वजन 1,92,000 किलो, आणि एका ओळीत तळाच्या लाकडाला कोणतं कीटकनाशक पाजलंय त्याची नोंद. ही शेवटची ओळ फार थोडे लोक वाचतात. तळाला 28 मिलिमीटरचा जाड प्लाय असतो आणि समुद्रप्रवासात कीड लागू नये म्हणून त्याला औषध दिलेलं असतं. सिमेंटच्या गोणी ठेवायच्या असतील तर काही बिघडत नाही. आमच्या डब्यांत मुलं तासन् तास बसणार होती, म्हणून तो प्लाय उचकटून टाकला आणि खालच्या आडव्या चॅनेलवर सिमेंट बोर्ड बसवला. खर्च वाढला, पण त्यावर मी कुणाशी घासाघीस केली नाही.

काम कल्याण पूर्वेतल्या एका छोट्या संस्थेचं होतं. त्यांना अभ्यासिका हवी होती. एका खोलीच्या घरात टीव्ही, पाहुणे, धाकटी भावंडं आणि दहावीचं पुस्तक सगळं एकत्र नांदतं. रात्री अभ्यासाला बसायला कोपरा नसतो. संस्थेकडे मोकळी जागा होती, पण ती ठरावीक वर्षांसाठी वापरायला मिळालेली. तिथे पक्कं बांधकाम चालणार नव्हतं. उद्या जागा सोडावी लागली तर सगळं उचलून नेता आलं पाहिजे, हीच त्यांची पहिली अट. कंटेनर हलवता येतो म्हणून परवानगी लागत नाही, असा एक समज आपल्याकडे पसरला आहे. तो चुकीचा आहे. महापालिकेची तात्पुरत्या बांधकामाची परवानगी घ्यावीच लागते आणि ती हातात आल्यावरच आम्ही डबे बघायला निघालो.

नकाशा काढायच्या आधी मी ठाण्याला तीन हात नाक्यावर गेले. तिथल्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने 2016 मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलला गाड्या थांबल्या की गजरे, खेळणी विकणारी, पुलाखालीच राहणारी मुलं. ती शाळेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून शाळा कंटेनरमध्ये बसून त्यांच्यापर्यंत आली. पुलाच्या खांबांमध्ये पाया खणून इमारत उभारणं कुणी मनावर घेतलं नसतं. डबे ठेवता आले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. आणि इंजिनिअर म्हणून तिथे एक गोष्ट ठळकपणे दिसली, की डोक्यावर पूल आहे. ऊन पुलावर पडतं, पाऊसही बराचसा पुलावरच पडतो. उघड्या माळावर ठेवलेला लोखंडी डबा मे महिन्यात आतून भट्टीसारखा तापतो. कल्याणच्या त्या जागेवर सावलीला झाडसुद्धा नव्हतं. तेव्हा आधी डोक्यावर काय असेल ते ठरवायचं, मग भिंतींचं बघायचं, हे मी तिथेच पक्कं केलं.

म्हणून आम्ही डब्यांच्या वर दुसरं छप्पर घातलं. हलक्या कैच्यांवर पांढरे पत्रे, आणि त्यांच्यात व कंटेनरच्या छतात वारा खेळायला हातभर मोकळी जागा. कंटेनरचं स्वतःचं छत तसंच राहिलं, त्याला फक्त रंग दिला. या छताची एक खोड असते. माल चढवताना-उतरवताना त्यावर मार बसतो, मध्ये खळगे पडतात आणि पावसाचं पाणी तिथेच साचून राहतं. कंटेनरचं पोलाद कॉर्टेन जातीचं असतं, त्यावर बसणारा गंजाचा थर आतल्या पत्र्याला राखतो म्हणतात. ते खरं आहे, पण पत्रा मधूनमधून सुकला तर. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो सुकणार कधी? वरचं छप्पर उन्हासाठी जेवढं, तेवढंच यासाठीही होतं. आतून 50 मिलिमीटर रॉकवूल आणि बोर्ड लावला. त्याने उष्णता अडते, आणि पावसाचा ताशाही. वाचत बसलेल्या मुलाला हे दुसरंही तितकंच हवं असतं.

आता कापण्याबद्दल. या सगळ्या प्रकारात लोक इथेच फसतात.

माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने 26 एप्रिल 1956 ला 58 डबे चढवून ‘आयडियल एक्स’ ही बोट न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवली, तिथून कंटेनर वाहतुकीच्या धंद्याची सुरुवात धरतात. कल्पना अशी, की आतला माल न हलवता अख्खा डबाच ट्रकवरून बोटीवर जावा. आजचा डबा क्रेनने उचलायचा तो कोपऱ्यांना धरून आणि रचायचा तोही कोपऱ्यांवर. बोटीवर एकावर एक रचलेल्या डब्यांचं सगळं ओझं कोपऱ्यांतल्या चार खांबांमधून खाली उतरतं. मधली नागमोडी भिंत दीड-दोन मिलिमीटर पत्र्याची. ती वरचं ओझं घेत नाही, पण छताची लांब कड ती धरून ठेवते आणि डब्याला तिरपा होऊ देत नाही. हे ध्यानात न घेता लोक हौसेने चाळीस फुटांत मोठमोठ्या खिडक्या कापतात, आणि मग दार लागत नाही, काच तडकते.

आम्हाला तर दोन डबे शेजारी लावून मधली भिंत उघडायची होती. एकट्या डब्याची आतली रुंदी पावणेआठ फुटांच्या जरा आत. अस्तर लागलं की सव्वासात. टेबल, खुर्ची आणि मागून जायला वाट, एवढ्यात संपलं. दोन जोडले तर खोली होते. टोकांना आणि मध्ये भिंत राखून आम्ही दोन मोठी दारं आखली. मामांनी आधी दाराभोवती बॉक्स सेक्शनची चौकट वेल्ड करून घेतली, तोवर पत्र्याला हात लावू दिला नाही. मग छताच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. पत्रा सलग न कापता एक पट्टा इथला, एक तिथला, असा काढत गेले. शेवटचा पट्टा निघाला तेव्हा मी दोरी आणि कड यांतलं अंतर पट्टीने मोजलं. कड तीन मिलिमीटर उतरली होती.

“बसू दे ताई रात्रभर,” मामा म्हणाले. “सकाळी पुन्हा मोजू, मगच दुसरा डबा.”

सकाळी तीनच मिलिमीटर होतं. मग दुसरा डबा कापायला घेतला.

दोन डब्यांमधली फट वेल्ड करून बुजवणं सोपं असतं आणि पाणीही येत नाही. तरी मी ती बोल्टने जोडली, मध्ये रबरी पट्टी घालून. जागा सोडायची वेळ आली तर पान्ह्याने डबे सुटे व्हावेत. या प्रांतात जागा हाच सगळ्यात महाग माल आहे, आणि ज्यांची जागा स्वतःची नाही त्यांनी उभी केलेली वास्तू दर खेपेला भंगारात का जावी?

डबे रात्री नेले. दिवसा अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. कल्याण-शीळ रस्त्याने टाटा नाका, पुढे चक्की नाका. उघड्या बाजूंना प्रवासापुरते अँगल मारून ठेवले होते. ट्रेलरवर हाय क्यूब चढला की गल्लीतल्या केबलच्या तारा आड येतात; आमची दोन मुलं बांबू घेऊन पुढे चालत होती. जागेवर सिमेंटचे बुटके खांब आधीच घालून ठेवले होते. वालधुनी नदी तिथून लांब नाही. 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या आजींनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, त्या खुणेच्या वर आम्ही तळाची पातळी धरली. पहाटेपर्यंत क्रेनने दोन्ही डबे खांबांवर टेकले.

अभ्यासिका सुरू झाल्यापासून मला वेगळेच फोन येतात. दर पावसाळ्याआधी आपल्या महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. 4 एप्रिल 2013 ला शीळमध्ये इमारत कोसळून 74 माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. घर रिकामं करा म्हटलं की रहिवासी विचारतात, जायचं कुठे? मग कुणीतरी सुचवतं, मोकळ्या मैदानात कंटेनर ठेवा. मी या सूचनेच्या बाजूने आहे. पण वर दुसरं छप्पर नाही, समोरासमोर खिडक्या नाहीत, संडास-न्हाणीला उताराची गटारलाइन नाही, असा नुसता डबा कुटुंबाला दिला तर ती शिक्षा होईल. आणि हे सगळं करायचं तर डब्याची किंमत एकूण खर्चाचा लहानसा भाग उरते. स्वस्त म्हणून कंटेनर घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. लवकर हवा असेल आणि पुन्हा हलवायचा असेल, तर जरूर घ्या.

संस्थेला आता मुलींसाठी वेगळी खोली हवी आहे, ती वरच्या मजल्यावर. तिसरा डबा खालच्या एका डब्याच्या चारही कोपऱ्यांवर नेमका बसेल, पोलादाची मला काळजी नाही. पण दुसरं छप्पर उतरवून पुन्हा घालावं लागेल, बाहेरून जिना आणि त्याचे वेगळे खांब लागतील, आणि खाली नदीकाठची भरावाची माती आहे. मातीच्या तपासणीचा रिपोर्ट आणि सुधारित परवानगी हातात आल्याशिवाय मी यार्डात डबा बघायला जाणार नाही, हे त्यांना कळवलं आहे.