फाइल शोधली कुठे?

नांदेड असो की लातूर, प्रयोगशाळेत पोरं पडदा दाखवतात तेव्हा बोट हमखास शेवटच्या ओळीवर असतं. ‘सर, जीसीसी फेल झालं.’ शेवटची ओळ नुसतं काम थांबल्याचं सांगते. मी वर सरकवायला लावतो. बरंच वर कुठेतरी ‘फेटल एरर’, एका हेडर फाइलचं नाव आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढंच असतं. खरी तक्रार ती. तिच्याखालचं बाकी सगळं तिच्यामुळे आलेलं.

फाइल नाही म्हणजे काय, याची उत्तरं मात्र वेगवेगळी. आपल्याकडे कितीतरी मुलांनी सी शिकली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. 1987 साली आलेला तो कम्पायलर डॉससाठीचा. तिथला प्रोग्राम उबुंटूवर आणला की ‘कोनिओ डॉट एच’पाशी गाडी अडते. हे हेडर सीच्या प्रमाणात कधीच नव्हतं, त्यामुळे कोणतं पॅकेज टाकावं हा प्रश्नच उरत नाही. ती ओळ काढायची, सोबत ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’चे कॉलही. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’चंही तसंच, 1998 च्या सी प्लस प्लस प्रमाणात त्याचं ‘डॉट एच’ गेलं.

‘पायथन डॉट एच’ची गोष्ट निराळी. ‘सर, पायथन तर चालू आहे की!’ चालू आहेच. पण डेबियन आणि उबुंटूत प्रोग्राम चालवायला लागणारं एका पॅकेजात आणि त्याच्या आधाराने नवं बांधायला लागणारी हेडरं दुसऱ्यात, नावाला ‘डेव्ह’ लावून. फेडोरात तेच ‘डेव्हल’ होतं. कोणती फाइल कोणत्या पॅकेजात, हे ‘एपीटी-फाइल’ सांगतं.

मला सर्वांत आवडतो तो तिसरा प्रकार. प्रमाणपत्रांवर मराठी नावं उमटवणारा छोटा सी प्रोग्राम मी मुलांकडून करून घेतो. नुसत्या फ्रीटाइपने अक्षरांचे आकार मिळतात. पण ‘किरण’मधली वेलांटी क च्या आधी नेणं, जोडाक्षर जुळवणं हे हार्फबझचं काम. दोन्हींची ‘डेव्ह’ पॅकेजं रीतसर टाकूनही कम्पायलर म्हणतो, ‘एफटी-टू-बिल्ड डॉट एच’ सापडत नाही. फाइल डिस्कवर आहे, पण ‘इन्क्लूड’ फोल्डरच्या आत ‘फ्रीटाइप2’ नावाच्या उपफोल्डरमध्ये, आणि कम्पायलर आपणहून तिथे उतरत नाही. ‘पीकेजी-कॉन्फिग’ला विचारून आलेला मार्ग ‘आय’ पर्यायाने द्यावा लागतो. कम्पायलरने कुठे कुठे पाहिलं, त्याची यादी ‘व्ही’ पर्याय छापून देतो. ती यादी मुलं पहिल्यांदा वाचतात, तेव्हा त्यांची घाई ओसरते. ते बघायला मला मनापासून आवडतं.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे: इंटरनेटवरून एकटं हेडर उतरवून प्रोजेक्टमध्ये टाकणं. सातबारा म्हणजे शेत नव्हे, तसं हेडर म्हणजे लायब्ररी नव्हे. ते फक्त फंक्शनांची नावं आणि स्ट्रक्चरांची मापं सांगतं. हेडर एका आवृत्तीचं, लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली तर कम्पाइल बिनतक्रार होऊ शकतं, लिंकही होऊ शकते. पण मध्ये एखाद्या स्ट्रक्चरचं माप बदललेलं असलं, तर प्रोग्राम चालताना मेमरीत भलत्याच जागी लिहितो आणि कुठेतरी दूर, भलत्याच ओळीवर कोसळतो. म्हणून असं उपरं हेडर दिसलं की मी आधी ते काढायला लावतो, आणि मगच पुढचा एरर वाचायला घेतो.