आवाजाचा मालक

अब्बा पाच वक्ताचे नमाजी. पण उरुसात कव्वालीच्या मैफलीत पहाटेपर्यंत बसत. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग हटकत, ‘‘क्या मास्टर, रातभर कव्वाली, और फज्र?’’ अब्बा म्हणत, ‘‘फज्र पढकेच सोता मैं.’’ गाणं जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे तेव्हाही होता, आजही आहे. मला मात्र वाटतं, आपल्या गायकांना फतव्यांपेक्षा व्यवहारानं जास्त मारलं. त्याबद्दल आपण बोलत नाही.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यापुढे गायल्या. तासाभराचा राग जेमतेम तीन मिनिटांत बसवायचा. तबकड्या छापायला जर्मनीला जात. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावं, म्हणून गाणं संपताच त्या इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत. लोक ही गंमत म्हणून सांगतात. पण नाव बाईचं आणि तबकडी कंपनीची, ही वाटणी तिथूनच सुरू झाली.

तबकडी छापायची तर कारखाना हवा, म्हणजे कंपनीच्या दारात उभं राहणं आलं. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघर गेली. नक्कल उतरवणारी दोन-चार यंत्रं नि एक खोली असली की धंदा सुरू. उरुसाच्या कव्वाल्या, भीमगीतं, लोकगीतं, जी मोठ्या कंपन्यांच्या खिजगणतीतही नव्हती, ती एस. टी. स्टँडवर वाजू लागली. भीमजयंतीच्या रात्री कव्वालीचे सामने रंगत, तेही कॅसेटवर आले. हा काळ मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या तालुक्यातले एक कव्वाल त्याच लाटेत एका कंपनीकडे गेले. एकरकमी पैसे मिळाले, कागदावर सही झाली. कॅसेटच्या वेष्टनावर दर्ग्याचा फोटो मोठा आणि यांचं नाव बारीक अक्षरात. कॅसेट खूप खपली म्हणे. कव्वालसाहेब मात्र स्वतःच्याच कॅसेटी दुकानातून विकत घेऊन उरुसात विकत. पुढे त्यांनी चिडून, उसन्या टेपरेकॉर्डरवर घरातच एक कॅसेट भरली आणि हातगाडीवर मांडली. ‘‘ये मेरी है,’’ असं गिऱ्हाईकाला मुद्दाम सांगत.

ती जिद्द मला पुन्हा दिसली ती कुर्ल्याच्या नावेद शेखमध्ये. नेझी या नावानं गाणाऱ्या या पोरानं २०१४ साली ‘आफत’ हे गाणं आयपॅडवरच तयार करून यूट्यूबवर सोडलं. ना स्टुडिओ, ना कंपनी. २०१५ साली अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आलं, २०१९ साली या दोघांच्या आयुष्यावरून ‘गली बॉय’ हा सिनेमा निघाला. नेझीच्या २०२० सालच्या अल्बमचं नाव ‘मग़रिब’. आमच्या पिढीला हे रॅप म्हणजे कलकलाट वाटतो. पण कान देऊन ऐकलं तर त्यात कव्वालीच्या सामन्यातली हमरीतुमरी आहे.

म्हणून सगळं सुटलं असं नाही. २०१२ साली कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं ते करवून घेतलं त्याचा, तोही साठ वर्षं.

कव्वालसाहेब आता हयात नाहीत. मागच्या रमजानआधी त्यांच्या नातवानं आजोबांच्या दोन्ही कॅसेटी यूट्यूबवर चढवल्या. आठवडाभरात पहिलीवर निरोप आला, हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. पोरगा तो मोबाईल घेऊन माझ्याकडे आला, इंग्रजीत जवाब लिहून मागायला. आम्ही ट्रंक उपसली. सहीचा कागद काही सापडला नाही.

दुसरीवर कुणी हक्क सांगितला नाही. तिच्यात मध्येच कव्वाली थांबते, मशिदीतली अजान ऐकू येते आणि ती संपल्यावर ढोलक पुन्हा सुरू होतो.