फडक्यावरच्या उवा



परवा धाकटीची वेणी घालताना कानामागे पांढरे कण दिसले. कोंडा समजून झटकले, हलेनात. लिखाच त्या!

दुकानातून औषध आणलं, पण बाटली उघडवेना. ऊ म्हणजे त्रीन्द्रिय जीव, असं पाठशाळेत मीच शिकवते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नखावर चिरडू नको गं."

मग ओलसर केसांना भरपूर खोबरेल लावलं, बटा पाडल्या आणि बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवली. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. लिखा मात्र दोन नखांत धरून केसावरून ओढाव्या लागतात. मान मोडून जाते. राहिलेल्या लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन दिवसांनी, दोन आठवडे हेच.

फडकं परसात गवतावर अलगद झटकलं. धाकटीने विचारलं, "आई, त्या तिथे जगतील?"

नाही जगत. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरतात. तिला खरं तेच सांगितलं. चिरडलं नाही, पण वाचवलंही नाही.

आणि चूक माझीच. लग्नघाईत महिनाभर रविवारची फणी राहिली. मादी रोज सहा-सात अंडी घालते. वेळेवर पाहिलं असतं तर दोन-चारच निघाल्या असत्या. प्रतिक्रमणाला बसले तेव्हा औषधाची बाटली नाही, ते चार रविवारच आठवले.

आज माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. दोन सापडल्यात म्हणे.