आजच जन्मलेली पेशी

हाडांच्या पोकळीत दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात, हे मी वाचलं होतं. पण त्यातली नुकतीच रक्तात उतरलेली पेशी आपल्या डोळ्यांनी ओळखता येते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

परळच्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या भाचीने ती दाखवली. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमधलं रक्त आणि न्यू मिथिलीन ब्ल्यू हा रंग समान प्रमाणात घेतला, मिश्रण पंधरा-वीस मिनिटं ३७ अंशांवर ठेवलं, मग काचेवर पातळ थर ओढला. "मावशी, रंग पेशी जिवंत असतानाच द्यायचा, तरच जाळी दिसते," ती म्हणाली. तेलाचा थेंब, शंभराची लेन्स... आणि फिकट गोल पेशींच्या गर्दीत एकीच्या पोटात गडद निळी जाळी! अगदी विणायला घेतलेल्या लोकरीसारखी. केंद्रक गेलेलं, पण हिमोग्लोबिन बनवणारा आरएनए अजून शिल्लक. हीच रेटिक्युलोसाइट, लॅबच्या भाषेत 'रेटिक'.

आणि हिशोब तर पाहा! तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्तात आल्यावर ही जाळी टिकते जेमतेम दिवसभर. म्हणजे शंभरात साधारण एक जाळीवाली असायला हवी, आणि निरोगी माणसात असतेही तितकीच, अर्धा ते दोन टक्के. हजार पेशी मोजायच्या आणि अस्थिमज्जेचं आजचं काम कागदावर! हिमोग्लोबिन कमी आणि रेटिकही कमी, तर उत्पादनच अडलंय. रेटिक जास्त, तर पेशी बनतायत पण कुठेतरी फुटतायत किंवा रक्त वाहून जातंय. (रक्त फार कमी असेल तर नुसता टक्का फसवतो, तो हिमॅटोक्रिटप्रमाणे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याप्रमाणे, दुरुस्त करून घ्यावा लागतो.)

याच परळमध्ये, हाफकिन संस्थेत, १९२८च्या अखेरीस इंग्लिश संशोधक डॉक्टर ल्यूसी विल्स आल्या होत्या. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांचं रक्त का आटतं, हे त्या शोधत होत्या. मुंबई, कुन्नूर, मद्रास असं काम करत त्या यीस्टच्या अर्कापर्यंत, साध्या मार्माइटपर्यंत पोचल्या. अर्क सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रेटिक काउंट उसळी घेई; हिमोग्लोबिन चढायच्या आधीच कळे की औषध लागू पडलं! १९३१ साली त्यांचा निबंध छापून आला. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे फोलेट. आज आपल्या आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांना लोहाबरोबर मिळणाऱ्या गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड तेच.

मोठ्या लॅबमध्ये आता यंत्रं रेटिकची मोजणी करतात. मोजू देत! मला मात्र डोळ्यांनीच पाहायचंय. भाचीला सांगून ठेवलंय, सिकलसेलच्या रुग्णाची स्लाइड आली की लगेच कळव. तिथे पेशी दहा-वीस दिवसांतच मोडतात, मज्जा जिवाच्या आकांताने नव्या पाठवते आणि रेटिक सहज दहा टक्क्यांच्या पुढे जातो. त्या एकाच गोल उजेडात किती निळ्या जाळ्या असतील!