आईचा पाठ

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा छंद आम्हांला जडला तो पन्नाशी उलटल्यावर. ज्या वयात माणसे घरातील अडगळ बाहेर काढू लागतात, त्या वयात आम्ही दुसऱ्यांची अडगळ घरात आणू लागलो. त्यातही आमची ओढ सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान तबकडीकडे. मोठ्या तबकड्यांतून रागदारी येते, नाटके येतात. ह्या लहान तबकडीवर मात्र चार घटका लोकांच्या ओठांवर राहून विसरली गेलेली गाणी असतात. साहित्याच्या इतिहासात ज्यांना पान मिळत नाही अशा गीतकारांची नावे तिच्या लेबलावर मिळतात. मराठीचा अध्यापक म्हणून आमचे कुतूहल प्रथम तेवढ्यापुरतेच होते.

अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये ही तबकडी बाजारात आणली. तिकडे तिच्यावर बहुधा एका बाजूस एक अशी दोन गाणी असत, आणि तेथील तरुण मुले हातखर्चाच्या पैशांतून ती विकत घेऊन आपापल्या खोलीत ऐकत. आपल्याकडे चार गाण्यांची 'ईपी' अधिक रुळली. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या ह्या ईपींतून भावगीते, कोळीगीते, कव्वाल्या, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील भक्तिगीते आणि अर्थातच सिनेमाची गाणी गावोगाव पोचली. परंतु पोचली कशी, हा प्रश्न विचारल्याखेरीज आमच्या गावातील तबकडीचे चरित्र कळत नाही.

परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या गावी, आमच्या लहानपणी, स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. तबकड्यांचा खरा मालक लाऊडस्पीकरवाला. लग्न, मुंज, उरूस, गणपती, आंबेडकर जयंती असे काहीही असले की त्याचे कर्णे लिंबाच्या फांदीला किंवा माळवदाच्या कडेला बांधले जात. पहाटे सनई, मग भक्तिगीते, ऊन तापू लागले की सिनेमा आणि रात्री कव्वाली असा त्याचा क्रम ठरलेला. गाणे वाजे एका मांडवात आणि ऐके सारे गाव. कोणते गाणे ऐकायचे हे आपल्या हाती नव्हते, आणि न ऐकणे तर नव्हतेच. तिकडे जी तबकडी खोलीचे दार लावून ऐकायची वस्तू होती, ती इकडे चव्हाट्याची झाली.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि ह्या पेट्या माळ्यावर गेल्या. काही वर्षांपूर्वी त्यांतील एक भंगारात निघाल्याचे कळले. दुकानदार आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. "सर, ह्यातला अर्धा माल फुटका हाय, किलोवर घ्या," असे ते म्हणाले आणि आम्ही पेटी उचलली. वर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचे तुकडे, खाली शंभरेक ईपी. प्रत्येकीच्या लेबलावर तैलरंगाने क्रमांक आणि मालकाच्या नावाची अद्याक्षरे रंगविलेली; एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाताना चोरी होऊ नये म्हणून. बऱ्याचशा तबकड्या राखाडी पडलेल्या. सुई उडू नये म्हणून हे लोक तिच्या दांड्यावर चार आण्यांचे नाणे ठेवीत. त्या भाराने खोबणी लवकर झिजे.

संग्राहकांच्या जगात अशा मालाला किंमत नसते. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली, तेव्हापासून आपल्याकडील ध्वनिमुद्रिकांच्या नोंदीचे मोठे काम हौशी मंडळींनी केले आहे. त्या मंडळींकडून आम्हीही लेबल, क्रमांक, साल आणि तबकडीची स्थिती पाहण्याची शिस्त शिकलो. ओरखडा असलेली बाजूला काढायची, शक्य तर तिची स्वच्छ प्रत पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोरबाजारातून मिळवायची, हा आमचा रिवाज होता. पेटीतील ईपी साबणाच्या पाण्याने धुऊन आम्ही एकेक लावून पाहू लागलो, ते टाकाऊ निवडून काढण्यासाठीच.

येथे आईविषयी सांगणे भाग आहे. उन्हाळ्यात शेवया वळताना, पापड लाटताना ती गात असे. ओव्या माहेरच्या, आणि बाकी सारे कर्ण्यावरून ऐकलेले. त्यांतील एका भक्तिगीताच्या दुसऱ्या कडव्यात ती दोन शब्द गाळी आणि तालातील ती जागा भरून काढण्यासाठी आधीचा शब्द किंचित लांबवी. आम्ही औरंगाबादहून मराठीची पदवी घेऊन आलो होतो. येताना त्याच गाण्याची कॅसेट आणली होती. आम्ही ती आईला लावून दाखविली. कोणते शब्द सुटतात, त्यावाचून कडव्याचा अर्थ कसा लागत नाही, हे आम्ही चारचौघींच्या देखत तिला समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, "असंल बाबा. तू शिकलेला." त्यानंतर ते गाणे आमच्यासमोर तिने कधी म्हटले नाही. कित्येक वर्षे आमच्या हे लक्षातही आले नाही. लक्षात आले तेव्हा ती नव्हती.

पेटीतील तबकडी क्रमांक ४७ ही त्याच गाण्याची निघाली. पहिले कडवे नीट गेले. दुसऱ्या कडव्यात सुई खट् करून उडाली आणि नेमके ते दोन शब्द गळले. आम्ही सुई उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. हिशेब अगदी सरळ आहे. मिनिटाला ४५ फेरे म्हणजे एका फेऱ्याला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ; ओरखड्यामुळे सुई एक खोबण ओलांडून आत गेली की तेवढे गाणे नाहीसे होते. दोन लहान शब्द त्यात सहज मावतात. गावात ह्या गाण्याची बहुधा एवढीच प्रत होती, आणि वर्षानुवर्षे प्रत्येक मांडवातून ती ह्याच ठिकाणी उडत आली होती. आई चुकत नव्हती. तिच्यापुढे जी प्रत होती तिच्याशी ती प्रामाणिक होती. किंबहुना तिने त्याहून अधिक केले होते. तबकडीत त्या जागी धक्का आहे; आईच्या गाण्यात धक्का नव्हता. लांबविलेला तो शब्द तिचा स्वतःचा होता.

हे ज्याला प्रथम कळायला हवे तो माणूस वर्गात पाठचिकित्सा शिकवीत होता, ही गोष्ट आम्हांला अजून टोचते. पाथरीच्या वर, ह्याच गोदावरीच्या काठी पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी आदराने सांगतो. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर महानुभावांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले आणि त्यातील एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो, हेही सांगतो. एका बाईच्या स्मरणाला त्या काळच्या मंडळींनी 'पाठ' म्हटले. आम्ही आमच्या घरातील स्मरणाला 'चूक' म्हटले, कारण आमच्या हाती कॅसेट होती.

तेव्हापासून आम्ही टाकाऊ म्हणून काही बाजूला काढीत नाही. आमच्या नोंदवहीत साल आणि क्रमांकाच्या पुढे आता आणखी एक रकाना आहे. सुई कोठे उडते, कोणती बाजू अधिक झिजली आहे, चारांपैकी कोणते गाणे जवळजवळ कोरेच राहिले आहे, हे त्यात लिहितो. समीक्षकाने काय वाखाणले ते छापील पानांत सापडते. गावाने काय मागून मागून ऐकले, त्याचा पुरावा बऱ्याचदा ह्या झिजेशिवाय दुसरा नसतो. एका विद्यार्थ्याने संगणकावर घेऊन तो ओरखडा काढून देण्याची तयारी दाखविली. त्याचे आभार मानून आम्ही नको म्हटले. स्वच्छ प्रत आम्ही मिळविली आहे. दोन्ही एकाच वेष्टनात ठेवल्या आहेत.

मध्यंतरी मानवतला थोरल्या बहिणीकडे गेलो असता आईचे ते गाणे तिला येते का, असे विचारले. ताईने आढेवेढे घेतले, मग म्हणून दाखविले. दुसऱ्या कडव्यात तोच शब्द लांबला आणि तेच दोन शब्द गळले. "तिथं काहीतरी राहतंय बघ, तू मागं आईला सांगितलं होतंस," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "राहू दे, ताई. पुन्हा एकदा म्हण." आणि वही उघडली.