कांदा सीमा ओलांडतो, दाखला ओलांडत नाही

माझे वडील सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. हंगामात कांद्याच्या गाड्या रात्रीच लागायच्या, त्यातल्या कितीतरी विजयपूर-कलबुर्गीकडच्या. शेतकरी कानडीत बोलायचा, आडत्या मराठीत. भाषेपायी सौदा अडलेला मी पाहिला नाही.

ही मोकळीक आपोआप आलेली नाही. 1948 पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात, तर शेजारचं नळदुर्ग, तुळजापूर निजामाच्या राज्यात. तिथं नाणं हाली सिक्क्याचं, मालावर करोडगिरी. पुढं संविधानाच्या कलम 301 नं देशभर व्यापार मोकळा केला. जुन्या संस्थानी राज्यांना जकातीची मुभा देणारं कलम 306 सुद्धा 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं गेलं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि एकाच मुंबई राज्यातले सोलापूर-विजापूर दोन राज्यांत गेले. कांदा तरी थांबला नाही.

थांबली माझी वहिनी. ती विजयपूर जिल्ह्यातली, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेली. तिचा अनुसूचित जातीचा दाखला कर्नाटकचा. इथल्या भरतीत तिला सांगितलं, "खुल्या गटातून अर्ज भरा." कायदाही तसाच आहे. कलम 341 नुसार यादी राज्यनिहाय असते. स्थलांतरिताला दुसऱ्या राज्यात सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये सांगितलं. बाहेरच्यांनी इथल्या दलितांचा वाटा खाऊ नये, या तर्कात दम आहे. मी तो झटकत नाही.

पण वहिनीची जात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. आमच्या मुली तिकडे नांदायला जातात, तिकडच्या इकडे येतात. मग वाटा कोण कुणाचा खातं? उलट दोन्हीकडच्या लेकी लग्न झाल्याबरोबर हक्क गमावतात. भाड्याची खोली शोधताना मात्र घरमालक वहिनीला जात विचारतोच. ती विचारायला त्याला दाखला लागत नाही.

भाषिक राज्यांत मोठ्या जातींचं वर्चस्व होईल, लहान समाज चिरडले जातील, असा इशारा बाबासाहेबांनी 1955 मध्येच दिला होता. म्हणून मागणी साधी आहे : जात दोन्ही याद्यांत असेल, तर लग्न होऊन आलेल्या स्त्रीचा दाखला सासरच्या राज्यात चालावा. ही तरतूद संसदेनं करावी. सीमाभागातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी, मराठी असोत वा कानडी, ही मागणी एकत्र मांडावी.

वडिलांनी आयुष्यभर कर्नाटकचा कांदा पाठीवर वाहिला. त्या पोत्याला कुणी दाखला मागितला नाही.

जय भीम.