आजोबांच्या बंदुकीचा दस्ता

आमच्या घरची बंदूक मोडली ती रानडुकराच्या धडकेनें नव्हे, कीं चोराशीं झालेल्या झटापटींतहि नव्हे. ती मोडली माझ्याच हातून, आणि तीहि ओटीची पायरी उतरतांना. काका वारल्यावर परवाना माझ्या नांवावर होईपर्यंत ती सरकारांत जमा होती. ती सोडवून मोठ्या ऐटीनें कोंकणांतल्या घरीं आणली आणि दुसऱ्याच दिवशीं दुपारीं, तेलपाणी करावें म्हणून अंगणांत नेत असतां, माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. मी सांवरलों, बंदूक सांवरली नाहीं. खालीं जांभा दगड. लोखंडाचा ठणत्कार झाला असता तर एवढें वाईट वाटलें नसतें. ऐकूं आला तो वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज. नळ्या शाबूत, घोडे शाबूत. दस्ता मात्र मुठीपाशीं, जेथें तो सर्वांत बारीक असतो तेथें, तिरपा दुभंगला होता.

ही बंदूक पणजोबांनीं घेतलेली. बेल्जियममधील लिएझ शहरीं बनलेली, दुनळी, घोडे बाहेर असलेली, बारा बोअरची. (बारा बोअर म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या घरांत दर पिढीला पडतो म्हणून सांगतों: नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात.) भिक्षुकाच्या घरांत बंदूक कशाला, असें कोणी म्हणेल, पण रानडुकरांचा कळप पिकलेल्या भाताचीं खाचरेंच्या खाचरें एका रात्रींत कशीं लोळवितो, हें ज्यानें पाहिलें आहे तो तसें म्हणणार नाहीं. आजोबा बार काढीत तेहि हवेंत. तरीसुद्धां आजीचा त्या बंदुकीवर रोष असे. माजघराच्या उंबरठ्याच्या आंत ती तिला येऊं देत नसे. अपवाद एका खंडेनवमीचा. त्या दिवशीं कोयते, विळे, अडकित्ते, आणि अलीकडे पुतण्याचा संगणकहि, यांच्या मधोमध बंदूक गंधफूल लावून बसते, आणि चारी बिऱ्हाडांची मंडळी तिला नमस्कार करावयास जमते. खरें सांगावयाचें तर मोडक्या दस्त्यापेक्षां मला त्या नमस्काराचीच अधिक धास्ती पडली होती. सोडवून आणून एक दिवसहि झाला नव्हता!

गांवच्या सुताराकडे असें काम देतां येत नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें दुरुस्तीचाहि परवाना लागतो. म्हणून कागदपत्रांसह शहरांतल्या एका वृद्ध कारागिरांकडे गेलों. त्यांनीं विचारलें, "नवा बसवूं, कीं हाच सांधूं?" नव्यासाठीं अक्रोडाचें लांकूड, तें वजनाला बेताचें, आकार न सोडणारें आणि धक्का सोसणारें. तें बसविण्याची रीत मोठी गमतीची आहे. बंदुकीच्या लोखंडाला काजळी फांसावयाची, लांकडावर दाबावयाचें, आणि जेथें काळें उमटेल तेवढेंच पटाशीनें खरवडावयाचें. असें शेंकडों वेळां, लोखंड आणि लांकूड यांच्यांत कागदहि शिरणार नाहीं तोंवर. मी ऐकत होतों, पण मनांत वेगळेंच चाललें होतें. नवा दस्ता बसला कीं मोडतोडीची गोष्टच उरली नाहीं! 'जुन्याला कीड लागली होती' एवढें म्हटलें कीं झालें.

"नवाच बसवा," मी म्हणालों.

त्यांनीं जुना दस्ता उजेडाकडे धरून फिरविला. "हा पूर्वीं एकदां कापलेला दिसतो," ते म्हणाले. खांद्याकडच्या टोकापासून सव्वा इंचावर, चपडीच्या पॉलिशाखालीं, केसासारखी एक रेघ होती. कोणा लहान चणीच्या माणसासाठीं तेवढा भाग कापला होता आणि पुढें तोच तुकडा परत जोडला होता. लांकडाच्या शिरा दोन्ही बाजूंना जुळत होत्या. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचें अंतर प्रौढ पुरुषाला साधारण सव्वाचौदा इंच लागतें. हात आंखूड असला तर एवढा दस्ता काखेंत अडकतो आणि धक्का खांद्याऐवजीं दंडावर बसतो.

आमच्या घरांत ठेंगणी अशी एक आजीच. तेव्हां हा रोष वरवरचाच होता कीं काय! मीं तेथूनच पुण्याला आत्याला फोन केला. तिनें नव्वदी ओलांडली आहे.

आत्या हंसली. "आई कसली हात लावते! तो माझ्यासाठीं कापला होता."

१९४९ सालचा आश्विन. आजोबा विहिरीच्या पायरीवरून पडून त्यांचा उजवा हात मोडलेला, गडी तापानें आडवे, काका अवघा पांच वर्षांचा, आणि भात कापणीला आलेलें. आजोबांनीं सुताराला बोलावून दस्ता कापविला आणि पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन ते शेतांतल्या माळ्यावर जाऊन बसूं लागले. "अण्णा डाव्या हातानें काडतूस भरून देत, मी बार काढीं. आई खालीं कंदील घेऊन उभी असे, तोंड फिरवून." परवाना कोणाच्या नांवें होता, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या वेळीं १८७८ चा कायदा होता. सुताराला तो ठाऊक नसावा आणि आजोबांना तो त्या महिन्यांत आठवला नसावा. पुढें आजोबांचा हात बरा झाला, तरी दस्ता आंखूडच राहिला. तुकडा परत बसला तो १९५३ सालीं, आत्याचें लग्न झाल्यावर. चार वर्षें तो आजोबांनीं पेटींत जपून ठेवला होता.

"पण तूं हें आज कां विचारतोस रे?"

काय सांगणार? सांगून टाकलें. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "मोडला तर मोडला. फेकूं मात्र नकोस."

कारागिरांना सांधा म्हटलें तेव्हां त्यांना आनंदच झालासा दिसला. या बंदुकीच्या नळ्या दमास्कसी, म्हणजे लोखंड व पोलाद यांच्या पिळलेल्या पट्ट्या गुंडाळून, तापवून, ठोकून घडविलेल्या. त्या जुन्या काळ्या दारूसाठीं. आजचें काडतूस त्यांत घालूं नये, हें त्यांनीं मला दोनदां बजावलें. मग दस्त्याला धक्का सोसावयाचा नव्हताच. खरी अडचण तेलाची. पिढ्यान् पिढ्या कळींत सोडलेलें तेल झिरपून मुठीपाशीं लांकूड काळें पडलें होतें, आणि तेलकट लांकडाला कसलाच चिकटा धरत नाहीं. म्हणून खडूची पूड भिजवून लावावयाची, ऊब द्यावयाची, पिवळी पडली कीं झाडून पुन्हां लावावयाची. असें कितीतरी दिवस चाललें. मग आंत एक पितळी सळई, एपॉक्सी, आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. "रेघ दिसेल हो," ते म्हणाले. दिसूं द्या म्हटलें.

खंडेनवमीला आत्या आली. रेघ सर्वांनीं पाहिली, आणि वहाणेची कथा मला चार वेळां सांगावी लागली. चौथ्या वेळीं सौ.नेंच सांगितली, आणि माझ्यापेक्षां चांगली. पूजा झाल्यावर आत्यानें बंदूक मागितली. प्रथम ती मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची तिनें खात्री करून घेतली, मग खुर्चींत बसल्या बसल्या दस्ता खांद्याला लावला. मीं खालून नळीला हात दिला.

"लांब होतो रे," ती म्हणाली. "अण्णांनीं तो तुकडा लावायलाच नको होता."